खवळलेल्या समुद्रासाठी स्थिर सर्फस्की कशी निवडावी

सर्फस्की ही समुद्रात वल्हवण्यासाठी घडवलेली लांब, अरुंद आणि हलकी बोट आहे. तिच्यात वल्हवणारा आत शिरून बसत नाही. वरच्या पृष्ठभागात कोरलेल्या खोलगट बैठकीत तो पाय पुढे पसरून बसतो. पायांच्या टाचा एका आडव्या फळीजवळ टेकतात आणि बोटांखालच्या पेडलांनी मागचे सुकाणू वळते. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे हातात असते. बोट उलटली तर माणूस सरळ पाण्यात पडतो आणि बाजूने पुन्हा तिच्यावर चढतो. बंद कयाकसारखी गिरकी घेऊन ती सुलटी करता येत नाही.

या बोटीचा उगम ऑस्ट्रेलियात झाला. न्यू साउथ वेल्समधील पोर्ट मॅक्वारी येथे मॅकलॅरेन बंधूंनी १९१२ च्या सुमारास कालवांच्या शेतीवर ये-जा करण्यासाठी तिचे आद्य रूप वापरले. पुढे किनाऱ्यावरच्या जीवरक्षक संघांनी ती उचलली. दक्षिण आफ्रिका आणि हवाई बेटांवर लांब पल्ल्याच्या सागरी शर्यती सुरू झाल्या, तशी ती अधिक लांब, अरुंद आणि वेगवान होत गेली. आज तिचा सर्वांत लोकप्रिय उपयोग म्हणजे ‘डाउनविंड’. जोराचा वारा पाठीशी घ्यायचा आणि त्याने उठवलेल्या लाटा एकामागून एक पकडत पुढे जायचे, असा हा प्रकार आहे. त्यात आनंद मिळेल की धडपड वाट्याला येईल, हे बऱ्याच अंशी बोटीच्या निवडीवर ठरते. त्या निवडीत स्थैर्याचा विचार वेगाच्या आधी यावा लागतो.

लाटेवर नेमके काय घडते

केपटाउनजवळच्या फॉल्स बे उपसागरातील ‘मिलर्स रन’ हा जगातील सर्वांत परिचित डाउनविंड मार्गांपैकी एक आहे. मिलर्स पॉइंटहून निघायचे, बाकोव्हेन रॉक आणि रोमन रॉक दीपगृहाच्या रोखाने उत्तरेकडे जायचे आणि सुमारे ११ किलोमीटरवरच्या फिश होकच्या वाळूवर उतरायचे. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात येथे आग्नेय वारा घोंघावतो. तो उपसागर ओलांडून येतो आणि वाटेत लाटा उठवतो. मार्गाची दिशा आणि वाऱ्याची दिशा तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे लाटा थेट पाठीमागून न येता किंचित उजव्या बाजूने येतात. स्थैर्याची खरी परीक्षा या तिरकसपणात असते.

चार सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्या दोन माथ्यांमधले अंतर सुमारे २५ मीटर असते. चांगला वल्हवणारा सपाट पाण्यात सर्फस्की ताशी ११ ते १३ किलोमीटरच नेऊ शकतो. या दोन वेगांमधली तफावत गुरुत्वाकर्षण भरून काढते. लाट मागून येते, पिछाडी उचलली जाते, नाळ म्हणजे पुढचे टोक समोरच्या घळीकडे, दोन माथ्यांमधल्या खोलगट भागाकडे झुकते. त्या क्षणी तीन-चार जोरकस वल्ही बसली तर बोट उतारावरून घसरू लागते आणि लाटेसोबत धावते. तो क्षण हुकला तर लाट बोटीखालून निघून जाते.

पकडलेली लाटही फार काळ टिकत नाही. खोल पाण्यात लाटांच्या समूहाचा वेग एकेका माथ्याच्या वेगाच्या निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक माथा समूहाच्या पुढच्या टोकाशी पोहोचून विरतो आणि मागे नवे माथे उभे राहतात. वल्हवणाऱ्याला म्हणून सतत एका लाटेवरून दुसरीवर जावे लागते, डावी-उजवीकडे वळावे लागते आणि प्रत्येक वेळी तीन-चार पूर्ण ताकदीची वल्ही मारावी लागतात.

हीच वल्ही डळमळत्या बोटीत जमत नाहीत. पिछाडी उचलली जाते तेव्हा पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, तिरकी लाट एक कड आधी उचलते आणि दुसरी नंतर. बोट अस्थिर असेल तर वल्हवणारा नेमक्या त्या वेळी वल्ह्याचे पाते पाण्यावर आडवे टेकून तोल सावरतो. या कृतीला ‘ब्रेस’ म्हणतात. ब्रेस म्हणजे गमावलेले वल्हे, आणि योग्य क्षणी एक वल्हे गमावले की लाटही हातची जाते. अरुंद बोट कागदावर वेगवान असते. पण तिच्यात बसून दर दुसऱ्या लाटेला तोल सावरणारा माणूस रुंद बोटीतल्या निश्चिंत माणसाच्या मागे पडतो. मोलोकाई ते ओआहू ही हवाईतील सुमारे ५२ किलोमीटरची शर्यत बारा वेळा जिंकणारे दक्षिण आफ्रिकेचे ऑस्कर चालुप्स्की शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत: आधी स्थैर्य, मग कौशल्य.

स्थैर्य कशामुळे येते

बोट कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचे प्लावक बल कललेल्या बाजूकडे सरकते. हे बल बोटीला पुन्हा सरळ करू पाहते. उलट, माणसाचा गुरुत्वमध्य उंचावर असल्याने त्याचे वजन तिला आणखी कलवू पाहते. या दोन बलांच्या ओढाताणीत कोण जिंकते यावर स्थैर्य ठरते.

पहिले बल प्रामुख्याने पाण्यालगतच्या रुंदीवर अवलंबून असते आणि हा संबंध घनाचा आहे. बाकी सारे तेच ठेवून रुंदी एक-पंचमांशाने वाढवली तर सरळ करणारा परिणाम सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणूनच ४३ आणि ४८ सेंटिमीटर हे आकडे ऐकायला जवळचे वाटले तरी पाण्यात त्या दोन अगदी वेगळ्या बोटी ठरतात. मात्र माहितीपत्रकात छापलेली रुंदी ही बोटीच्या सर्वांत रुंद भागाची असते. तो भाग पाण्याच्या वर राहत असेल, तर बोट छापील आकड्यापेक्षा डळमळीत लागते. एकाच रुंदीच्या दोन बोटी वेगवेगळ्या वागतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

वजनाचा परिणाम बैठकीच्या उंचीवर ठरतो. बैठक एक-दोन सेंटिमीटर उंच झाली तरी अरुंद बोटीत ते ताबडतोब जाणवते. आराम मिळावा म्हणून टाकलेली फोमची जाड गादी अनेकदा नव्या माणसाची बोट विनाकारण अस्थिर करते. उंच बैठकीमुळे वल्हे सहज पाण्यात जाते आणि मांड्यांवर ताण कमी येतो, हे खरे. पण तो फायदा तोल पक्का झाल्यावर घ्यावा.

स्थैर्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. बोट सरळ असताना किंचितशा हालचालीला ती किती हलते, हे प्राथमिक स्थैर्य. ती बरीच कलल्यावर किती ठामपणे धरून ठेवते, हे दुय्यम स्थैर्य. सपाट बुडाची बोट शांत पाण्यात घट्ट वाटते. परंतु आडव्या लाटेत ती पाण्याच्या उताराशी समांतर होऊ पाहते आणि माणसाला त्या उतारासोबत कलवते. गोलसर बूड आणि वर जाताना बाहेर पसरणाऱ्या बाजू असलेली बोट धक्क्याला लगेच डुलते, पण कलल्यावर तिच्या कडेचा फुगवटा पाण्यात जातो आणि तिला थांबवतो. खवळलेल्या समुद्रात हे दुसरे स्थैर्य अधिक मोलाचे असते. तळ्याच्या काठावर पाच मिनिटे बसून केलेला निवाडा त्यामुळे फसवा ठरतो.

बोटींचे तीन ढोबळ वर्ग

बाजारातील एकेरी सर्फस्की साधारण तीन वर्गांत मोडतात. पहिला वर्ग सुरुवातीच्या बोटींचा. त्यांची रुंदी ५० ते ५६ सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक आणि लांबी ५ ते ५.८ मीटरच्या आसपास असते. ‘एपिक व्ही८’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण: लांबी सुमारे ५.५ मीटर, रुंदी सुमारे ५६ सेंटिमीटर. या बोटी सपाट पाण्यात शर्यतीच्या बोटींपेक्षा मंद असतात, पण उंच, जवळजवळच्या लाटांत आखूड लांबीमुळे घळीत नीट बसतात आणि पटकन वळतात.

दुसरा वर्ग मधल्या बोटींचा. रुंदी साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, लांबी ५.८ ते ६.२ मीटर. दक्षिण आफ्रिकेच्या फेन कंपनीची ‘स्वोर्डफिश’ या वर्गात मोडते. नियमित वल्हवणाऱ्या बहुसंख्य लोकांना खऱ्या समुद्रात सर्वाधिक वेग याच वर्गात मिळतो.

तिसरा वर्ग अव्वल शर्यतींच्या बोटींचा. रुंदी ४२ ते ४५ सेंटिमीटर, लांबी ६.२ ते ६.६ मीटर. अशी बोट स्थिर नसते. तिचे स्थैर्य वल्हवणारा आपल्या कमरेतून आणि वल्ह्याच्या दाबातून निर्माण करतो. वल्हे पाण्यात रोवून ओढत असताना ती सावरलेली असते आणि वल्हे थांबले की डळमळू लागते. थकलेल्या माणसाला ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत फार महागात पडते.

समुद्राच्या स्वभावानुसारही निवड बदलते. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या घळीत, हूड रिव्हर गावाजवळ, उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा प्रवाहाच्या उलट दिशेने वाहतो. त्यामुळे तेथे लाटा आखूड आणि उभ्या चढणीच्या होतात आणि चपळ, थोडी आखूड बोट तेथे शोभते. हवाईच्या कैवी सामुद्रधुनीत लाटा लांब आणि वेगवान असतात, म्हणून तेथे लांब बोटीचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ रॉटनेस्ट बेटाहून मुख्य भूमीकडे येताना दुपारचा समुद्रवारा बहुधा तिरका लागतो, आणि तेथे बाजूच्या लाटांत ठाम राहणारी बोट हवी.

शरीराशी जुळणारी बोट

स्थैर्य बोटीइतकेच तिच्यात बसणाऱ्या शरीरावर अवलंबून असते. प्रत्येक बोट ठरावीक वजनासाठी रेखलेली असते. ५५ किलोचा माणूस मोठ्या घनफळाच्या बोटीत बसला तर ती पाण्यावर उंच तरंगते, तिची पाण्यालगतची रुंदी कमी होते आणि उंच बाजूंवर वारा आदळतो. ९५ किलोचा माणूस कमी घनफळाच्या बोटीत बसला तर ती खोल जाते, बैठकीत सतत पाणी शिरते आणि नाळ लाटेत घुसते. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या बुटक्या माणसाला जी बोट स्थिर वाटते ती त्याला वाटेलच असे नाही. मित्राचा अभिप्राय ऐकताना त्याची उंची आणि वजनही विचारावे.

बैठकीचे माप बुटासारखे असते: घट्ट असेल तर पाय बधिर होतात, सैल असेल तर हालचाल पोहोचत नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना किंचितच जागा असावी. सैल बैठकीत लाट आली की बोट आधी हलते आणि शरीर नंतर सरकते. दुरुस्ती नेहमी उशिरा होते. अशा वेळी बाजूंना पातळ फोमच्या पट्ट्या चिकटवाव्यात. बुडाखाली भर घालू नये. पावलांची फळी अशा अंतरावर ठेवावी की गुडघे थोडे वाकलेले राहतील आणि पायाने रेटा देता येईल. पायांचा हा आधार पक्का असेल तर कंबर मोकळी राहून बोटीसोबत डुलते आणि धड ताठ राहते. समुद्रातल्या तोलाचे मर्म हेच आहे.

सुकाणू, बुडाची वक्रता आणि नाळ

डाउनविंडमधील बरीच उलटापालट निव्वळ अरुंदपणामुळे होत नाही; बोट अचानक आडवी वळल्यामुळे होते. तिरकी लाट पिछाडीला ढकलते, नाळ घळीत अडकते आणि बोट लाटेला समांतर फिरते. याला ‘ब्रोच’ म्हणतात. ते रोखण्याचे काम सुकाणूचे. बहुतेक सर्फस्कींचे सुकाणू बुडाखाली, पिछाडीच्या टोकाच्या बरेच पुढे बसवलेले असते, कारण लाटेवर पिछाडी हवेत आली तरी ते पाण्यात राहते. सपाट पाण्यासाठी लहान पाते पुरते. मोठ्या लाटांसाठी २० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक खोल पाते लावावे. ते थोडा वेग खाते, पण नियंत्रणाच्या रूपाने तो परत देते. नवीन बोट घेण्याआधी जुन्या बोटीला मोठे सुकाणू लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बुडाची नाळेपासून पिछाडीपर्यंतची वक्रता अधिक असेल तर बोट लाटांवर सहज वळते आणि आखूड लाटांच्या घळीत नीट बसते. वक्रता कमी असेल तर ती सरळ रेषेत वेगवान राहते, पण वळायला नाखूश असते. नाळेत पुरेसे घनफळ असावे, म्हणजे समोरच्या लाटेत घुसली तरी ती वर येते. फार बारीक नाळ पाण्याखाली गेली की बोटीचा वेग एकदम तुटतो आणि तोलही जातो.

बैठकीतले पाणी आणि पुन्हा चढणे

खवळलेल्या समुद्रात माथे फुटून पाणी बैठकीत येतच राहते. तेथे साचलेले पाणी निव्वळ वजन वाढवत नाही. बोट कलली की ते खालच्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. अन्यथा स्थिर असलेली बोट पाण्याने भरल्यावर ओळखू येणार नाही इतकी डळमळते. हे पाणी बुडातील बेलर नावाच्या झडपेतून बाहेर जाते. बोट पुरेशा वेगात असली की बाहेरून वाहणारे पाणी आतले पाणी ओढून घेते. बोट घेताना बेलर बैठकीच्या सर्वांत खोल जागी आहे का आणि मध्यम वेगातही तो बोट लवकर कोरडी करतो का, हे पाहावे.

दुसरी कसोटी पुन्हा चढण्याची. पडलेला माणूस बोटीच्या बाजूला येतो, एक हात जवळच्या आणि दुसरा पलीकडच्या कडेवर ठेवतो, पाय झटकून छाती वर घेतो, मग वळून बैठकीत बसतो आणि शेवटी पाय आत घेतो. बसल्यानंतरचे दोन-तीन सेकंद सर्वांत कठीण असतात, कारण बोट थांबलेली, बैठक भरलेली आणि लाटा आडव्या असतात. जी बोट थंड पाण्यात, दमलेल्या अवस्थेत लागोपाठ तीन-चार वेळा चढू देत नाही, ती त्या समुद्रासाठी योग्य नाही, मग तिचा वेग कितीही असो. रुंद बोट येथे थेट सुरक्षितता देते. पायाला किंवा कमरेला बोटीशी जोडणारा पट्टा आणि लाइफ जॅकेट प्रत्येक बोटीसोबत हवेच. जोराच्या वाऱ्यात रिकामी सर्फस्की माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने दूर जाते.

बांधणीचे साहित्य हा त्यामानाने लहान मुद्दा आहे. फायबरग्लासची बोट जड, टिकाऊ आणि स्वस्त असते. कार्बनची बोट कित्येक किलोंनी हलकी आणि बरीच महाग असते. हलकी बोट लवकर वेग घेते, पण उधाणात थोडी अधिक उसळते. पैसे मर्यादित असतील तर चुकीच्या वर्गातल्या कार्बनपेक्षा योग्य वर्गातली फायबरग्लासची बोट केव्हाही चांगली.

निवड पडताळण्याची रीत

बोट विकत घेण्याआधी ती ज्या समुद्रात वापरायची आहे त्याच समुद्रात चालवून पाहावी. प्रथम किनाऱ्याजवळच्या छोट्या लाटांत ती चारही दिशांना न्यावी: लाटांच्या विरुद्ध, लाटांसोबत आणि दोन्ही बाजूंनी आडवी. आडव्या लाटांत वल्हे मांडीवर ठेवून काही सेकंद शांत बसता येते का, हे पाहावे. मग एखाद्या अनुभवी सोबत्याबरोबर छोटा डाउनविंड करावा.

या फेरीत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली: पिछाडी उचलली जाते तेव्हा हात जोर लावतात की सावरतात. दुसरी: नजर कोठे आहे. स्थिर बोटीत ती पुढच्या घळीचा शोध घेते, अस्थिर बोटीत नाळेवर खिळून राहते. तिसरी: फेरीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात वल्ह्याची लय टिकते का. शक्य असेल तर एकाच दिवशी, एकाच मार्गावर दोन वर्गांतल्या बोटी चालवून वेळ मोजावा. सपाट पाण्यात मागे राहणारी रुंद बोट येथे पुष्कळदा पुढे निघते.

साधा नियम असा: सपाट पाण्यात जी बोट आरामात चालते, तिच्यापेक्षा एक पायरी स्थिर बोट समुद्रासाठी घ्यावी, आणि निवड सरासरी दिवसासाठी न करता, ज्या सर्वांत खराब दिवशी आपण खरोखर पाण्यात उतरणार आहोत त्या दिवसासाठी करावी. पुढच्या वर्गात जाण्याची वेळ केव्हा आली हेही वल्हेच सांगते. आताच्या बोटीत जोराच्या वाऱ्यात आणि तिरक्या लाटांत ब्रेस जवळजवळ नाहीसा झाला, पुन्हा चढणे सवयीचे झाले आणि लाटांच्या निवडीचा आनंद तोलाच्या चिंतेवर मात करू लागला, की अधिक अरुंद बोटीचा विचार करावा. तोवर रुंद बोट हीच वेगाची शाळा असते, कारण लाटा वाचण्याचे शिक्षण स्थिर बैठकीवरूनच मिळते.